रुळांच्या बेचक्यातील नगर : कल्याण छावणी ते उल्हासनगर

सारांश

ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगरची स्थापना ८ ऑगस्ट १९४९ रोजी झाली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्या दिवशी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नगराची कोनशिला बसविण्यात आली. प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन केले आहे की, ही स्थापना एका दिवसाची घटना नसून रेल्वे, लष्कर, पुनर्वसन खाते आणि स्वतः निर्वासित समाज अशा चार घटकांनी सुमारे एका शतकात केलेली ती टप्प्याटप्प्याची निर्मिती आहे. या प्रत्येक टप्प्यावर वस्तीचा प्रश्न सुटला. परंतु जमिनीच्या हक्काचा प्रश्न पुढे ढकलला गेला. नगराच्या आजच्या अनेक अडचणींचे मूळ या स्थापनेच्या पद्धतीत आहे.

बीजसंज्ञा : कल्याण जंक्शन, लष्करी छावणी, फाळणी, सिंधी निर्वासित, पुनर्वसन, नगरस्थापना.

प्रस्तावना

नगरांच्या जन्मकथा सामान्यतः तीन प्रकारच्या असतात. काही नगरे बंदर, बाजारपेठ वा तीर्थक्षेत्र यांच्या आश्रयाने हळूहळू वाढतात. काही राजाज्ञेने वसविली जातात. काही नगरे मात्र आकस्मिक गरजेतून निर्माण होतात आणि त्यांना इतिहास नंतर मिळतो. कल्याण हे पहिल्या प्रकारचे नगर होय. सातवाहन काळापासून बंदर म्हणून त्याचे उल्लेख सापडतात. त्याच्या शेजारी अवघ्या काही किलोमीटर अंतरावर असलेले उल्हासनगर तिसऱ्या प्रकारात मोडते. अंबरनाथचे शिलाहारकालीन शिवमंदिर इसवी सन १०६० मधील आहे. म्हणजे एकीकडे प्राचीन बंदर, दुसरीकडे सुमारे साडेनऊशे वर्षांपूर्वीचे मंदिर आणि या दोहोंच्या मध्ये विसाव्या शतकाच्या मध्यावर उदयास आलेले एक नगर, असे या परिसराचे चित्र आहे.

उल्हासनगरविषयी लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने फाळणीच्या शोकांतिकेकडे आणि सिंधी समाजाच्या उद्यमशीलतेकडे जाते. दोन्ही विषय महत्त्वाचे आहेतच. परंतु नगर नेमके येथेच का वसले, त्याचा आराखडा कोणी आखला आणि ज्या जमिनीवर ते उभे राहिले ती कोणाची होती, हे प्रश्न त्यामुळे मागे पडतात. प्रस्तुत लेखाचा रोख या तीन प्रश्नांवर आहे.

रेल्वेचा फाटा

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे सुरू झाली आणि १ मे १८५४ रोजी ती कल्याणपर्यंत पोहोचली. कल्याणला या मार्गाचे दोन फाटे झाले. एक ईशान्येस थळ घाटाकडे, तर दुसरा आग्नेयेस बोरघाटाकडे गेला. पहिल्या फाट्यावर १८५५ मध्ये वाशिंदपर्यंत व दुसऱ्यावर १८५६ मध्ये पळसदरीपर्यंत गाडी जाऊ लागली. पुढे बोरघाट १८६३ मध्ये व थळ घाट १८६५ मध्ये खुला झाला. मुंबई बंदरातून उत्तर हिंदुस्थानात आणि दक्षिणेत जाणारी वाहतूक या एका ठिकाणाहून विभागली जाऊ लागली.

या दोन रुळांच्या बेचक्यात, उत्तरेस उल्हास नदी आणि मधून वाहणारी वालधुनी यांच्या परिसरात शहाड, म्हारळ, आशेळे, माणेरे अशी लहान गावे होती. आगरी, कुणबी आणि आदिवासी समाजांची ही वस्ती होती. खाचरांत भात आणि माळावर वरकस पिके व गवत, असे येथील अर्थजीवन होते. रेल्वेने या गावांना लगेच नगराचे रूप दिले नाही. तथापि एक मोकळा, तुलनेने सपाट आणि दोन लोहमार्गांना लागून असलेला भूभाग तिने निर्माण केला. १९२९ मध्ये कल्याण-पुणे मार्गाचे विद्युतीकरण झाले आणि रेल्वेसाठी ठाकुर्लीजवळ चोळा येथे वीजकेंद्र उभे राहिले. तेव्हा या भूभागाचे वाहतुकीच्या दृष्टीने मोल आणखी वाढले.

येथे एका परदेशी उदाहरणाची तुलना उद्बोधक ठरते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या गवताळ मैदानी प्रदेशात रेल्वे कंपन्यांनी रुळांच्या कडेने ठराविक अंतरांवर नगरे आखली. नेब्रास्का राज्यात बर्लिंग्टन रेल्वेच्या मार्गावरील स्थानकांना इंग्रजी वर्णानुक्रमाने क्रीट, डॉर्चेस्टर, एक्सेटर, फेअरमाँट, ग्राफ्टन, हार्वर्ड अशी नावे देण्यात आली. माणसे येण्यापूर्वी नकाशा तयार असे आणि स्थानक हा त्या नकाशाचा केंद्रबिंदू असे. भूखंड विकून कंपनी नफा मिळवी व खरेदीदारास पहिल्या दिवसापासून जमिनीचा कागद मिळे. तेथेही मूळ रहिवाशांना त्यांच्या भूमीवरून आधीच हटविण्यात आले होते, ही बाब विसरता येत नाही. उल्हासनगरच्या बाबतीतही नकाशा आधी आणि नागरिक नंतर असाच क्रम होता. फरक असा की, येथे नकाशा कंपनीने नव्हे तर लष्कराने आखला. नावांऐवजी क्रमांक आले. आणि जमिनीचा कागद सर्वांत शेवटी आला.

युद्धकालीन छावणी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबई हे सैन्याच्या आवक-जावकीचे प्रमुख बंदर होते. जहाजाची वाट पाहणाऱ्या किंवा जहाजातून उतरून पुढील आदेशाची प्रतीक्षा करणाऱ्या तुकड्यांना काही दिवस ठेवण्यासाठी शहराबाहेर, पण रेल्वेच्या टप्प्यात असलेली जागा आवश्यक होती. याच लोहमार्गावर घाटमाथ्यापलीकडे देवळालीची जुनी छावणी होतीच. कल्याणची संक्रमण छावणी बंदराला त्याहून पुष्कळ जवळ होती.

सुमारे ६ हजार सैनिक आणि ३० हजार इतर व्यक्ती यांची सोय करण्यासाठी ही छावणी उभारण्यात आली आणि तीत २,१२६ बराकी होत्या, असे तिच्या प्रचलित वर्णनांत नमूद असते. बहुतेक बराकींची रचना एकसारखी होती. मध्यभागी लांबलचक दालन आणि दोन्ही टोकांना जोडखोल्या, अशी ती असे. बराकींच्या रांगा, त्यांमधील रुंद रस्ते, कवायतीसाठी मोकळी मैदाने आणि सामाईक नळ व संडास, ही व्यवस्था तात्पुरत्या वास्तव्यासाठी होती. कुटुंब, चूल, दुकान वा देवघर यांचा विचार तीत असण्याचे कारणच नव्हते.

संपूर्ण छावणी पाच क्रमांकित विभागांत विभागलेली होती. त्यांपैकी १, २ व ३ हे कॅम्प प्रामुख्याने दोन लोहमार्गांच्या बेचक्यात, तर ४ व ५ हे कर्जतकडे जाणाऱ्या रुळांच्या पलीकडे येतात. कॅम्प १ हा शहाडच्या बाजूचा, म्हणजे ईशान्येकडील लोहमार्गाला आणि उल्हास नदीला जवळचा भाग होय. क्रमांकांची ही लष्करी सोय पुढे नागरी पत्ता बनली. १९७२ मध्ये टपाल खात्याने पिनकोड पद्धती सुरू केली. तीत कॅम्प १ ला ४२१००१ आणि त्याच क्रमाने कॅम्प ५ ला ४२१००५ हे क्रमांक मिळाले. छावणी उठून अनेक दशके लोटली, तरी तिची गणती टपालाच्या प्रत्येक पाकिटावर टिकून आहे.

युद्धकाळात लष्करी प्रयोजनासाठी जमिनी ताब्यात घेण्याचे व्यापक अधिकार भारत संरक्षण कायद्याने सरकारला दिले होते. युद्ध संपताच सैन्य गेले, बराकी ओस पडल्या. पण जमीन शासनाच्या ताब्यातच राहिली. येथे नगराच्या इतिहासातील पहिला अनुत्तरित प्रश्न निर्माण झाला. तात्पुरत्या गरजेसाठी घेतलेली जमीन ती गरज संपल्यावर कोणाची?

सिंधमधून कल्याणकडे

सिंध प्रांत १८४७ पासून १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचा भाग होता. कराचीचे महाविद्यालय मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते आणि कराची-मुंबई आगबोटी नियमित चालत. त्यामुळे शिक्षित व व्यापारी सिंधी हिंदूंना मुंबई परकी नव्हती. फाळणीच्या वेळी पंजाब व बंगाल या प्रांतांची विभागणी झाली. सिंध मात्र संपूर्णपणे पाकिस्तानात गेला. त्यामुळे सिंधी हिंदूंना भारतात स्वतःचा असा प्रांताचा तुकडा मिळाला नाही, हे त्यांच्या निर्वासनाचे वेगळेपण होय.

ऑगस्ट १९४७ मध्ये सिंध तुलनेने शांत होता. डिसेंबर १९४७ मध्ये हैदराबाद येथे आणि ६ जानेवारी १९४८ रोजी कराची येथे दंगली झाल्या, तेव्हा स्थलांतराला वेग आला. काही जण रेल्वेने मारवाडमार्गे, तर पुष्कळ जण आगबोटीने मुंबई व काठेवाडच्या बंदरांत उतरले. मुंबईत आधीच घरांची तीव्र टंचाई होती. बाळासाहेब खेर यांच्या नेतृत्वाखालील प्रांतिक सरकारपुढे या लोंढ्याची व्यवस्था लावण्याचा बिकट प्रश्न उभा राहिला. १९४८ च्या मुंबई निर्वासित कायद्याने निर्वासितांची नोंदणी आणि त्यांच्या वास्तव्यावर नियंत्रण ठेवण्याचे अधिकार शासनास दिले. निर्वासितांना मुंबई शहरात स्थिरावू देण्याऐवजी रिकाम्या छावण्यांत पाठविणे हा या धोरणाचा गाभा होता. मुलुंड, चेंबूर, शीव-कोळीवाडा, पिंपरी, देवळाली, कोल्हापूरजवळील वळिवडे अशा अनेक ठिकाणी शिबिरे निघाली. त्यांत कल्याणचे शिबिर सर्वांत मोठ्या शिबिरांपैकी एक ठरले.

येथे एक सामाजिक भेद लक्षात घ्यावा लागतो. ज्यांच्याजवळ पैसा, नातलग किंवा आधीची पेढी होती त्यांनी मुंबई-पुण्यात जागा मिळविल्या. छावणीत मुख्यत्वे ते आले ज्यांना अन्य आधार नव्हता. बराकीतील लांब दालनात गोणपाट, चादरी आणि साड्या यांचे आडोसे करून कुटुंबांनी आपापली जागा आखून घेतली. सैनिकासाठी असलेल्या दालनाचे घरात रूपांतर करणारी ही पहिली कृती कोणत्याही अभियंत्याची नसून निर्वासित स्त्रियांची होती. पापड लाटणे, मिठाई करणे, शिवणकाम, फेरीचा धंदा यांतून उत्पन्नाची साधने निघाली. मोफत शिधा कायमचा राहणार नव्हता, याची जाणीव सर्वांनाच होती.

नामकरण आणि त्याचा अर्थ

८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारी यांनी कोनशिला बसविली आणि ‘कल्याण कॅम्प’ला ‘उल्हासनगर’ हे नाव मिळाले. नावाचा आधार उल्हास नदी. तथापि ‘उल्हास’ या शब्दातील आनंदाचा अर्थही त्यात सामावला होता. घर गमावलेल्या लोकसमूहाच्या वस्तीस असे नाव देण्यामागील हेतू स्पष्ट आहे. छावणी ही तात्पुरती आणि नगर हे कायमचे असते. नामकरणाने शासनाने या वस्तीचे कायमत्व मान्य केले.

परंतु याच काळातील अन्य पुनर्वसन नगरांशी तुलना केली असता उल्हासनगरचे वेगळेपण दिसून येते. कच्छमधील गांधीधाम हे भाई प्रताप दियलदास यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या सिंधु पुनर्वसन महामंडळाने वसविले. त्यासाठी कच्छच्या महारावांनी सुमारे १५ हजार एकर जमीन दिली होती आणि नगराची रीतसर आखणी करण्यात आली. फरिदाबादमध्ये कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या सहकारी चळवळीचा सहभाग होता, नीलोखेडीत एस. के. डे यांनी व्यवसाय प्रशिक्षणाला केंद्रस्थानी ठेवून वसाहत उभारली. या तिन्ही ठिकाणी काही एक कल्पना आधी होती आणि तिच्या अनुरोधाने नगर झाले. उल्हासनगरात वास्तू आधीच उभ्या होत्या. कल्पना नंतर आली. म्हणून तेथे नियोजन म्हणजे नवी रचना करणे नव्हे, तर असलेल्या बराकींचे वाटप करणे, एवढाच त्याचा व्यवहारातील अर्थ राहिला.

स्थानक, कारखाना आणि नगरपालिका

१९५१ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या सुमारे ८० हजार होती. एवढ्या वस्तीला स्वतःच्या नावाचे रेल्वेस्थानक मात्र नव्हते. विठ्ठलवाडी व अंबरनाथ यांच्या दरम्यान उल्हासनगर हे स्थानक १९५५ मध्ये सुरू झाले. अमेरिकी मैदानी नगरांत स्थानक आधी आणि वस्ती नंतर, हा नियम होता. येथे तो उलटा झाला. मुंबईत नोकरी वा माल विक्रीसाठी रोज ये-जा करणाऱ्यांसाठी हे स्थानक म्हणजे नगराच्या मान्यतेचा कोनशिलेहून अधिक ठोस पुरावा होता, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

कॅम्प १ च्या बाजूस शहाडजवळ सेंच्युरी रेयॉनचा कारखाना १९५० च्या दशकात उभा राहिला. लोहमार्ग आणि नदीचे पाणी या दोन्ही गोष्टी येथे हाताशी होत्या. या कारखान्यामुळे कॅम्प १ च्या परिसरात राज्याच्या व देशाच्या निरनिराळ्या भागांतील कामगार आले. कारखान्याच्या प्रवेशद्वाराच्या भागास ‘बिर्ला गेट’ असे नाव रूढ झाले. छावणीतील ‘गोल मैदान’ हे सभा, उत्सव आणि सायंकाळच्या विरंगुळ्याचे ठिकाण बनले. अशा प्रकारे सिंधी निर्वासितांची वसाहत आणि मराठी व अन्य भाषिक कामगारांची वस्ती यांचा पहिला मोठा संपर्क या भागात घडला. उल्हासनगर हे केवळ सिंधी नगर आहे, ही समजूत या आरंभीच्या काळालाही पूर्णतः लागू पडत नाही.

शिक्षणाच्या क्षेत्रातही सिंधमधील संस्थात्मक परंपरा येथे पुन्हा रुजली. हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्डाने १९६५ मध्ये चांदीबाई हिंमतमल मनसुखानी महाविद्यालय सुरू केले. संस्थेच्या नावात कंसातील ‘सिंध’ आजही कायम आहे. गमावलेल्या नगराचे नाव नव्या भूमीवर टिकवून धरण्याचा हा एक मार्ग होता.

स्थानिक स्वराज्याची वाटचाल मात्र संथ होती. नगरपालिका १९६० मध्ये स्थापन झाली आणि तिची पहिली निवडणूक १९६५ मध्ये झाली. १९६१ च्या जनगणनेत लोकसंख्या १ लाखाच्या पुढे गेलेली होती. म्हणजेच नाव मिळाल्यापासून सोळा वर्षे या नगराचा कारभार लोकनियुक्त प्रतिनिधींविना चालला. रस्ता, पाणी, जागा यांसंबंधी नागरिकाला अर्ज करावा लागे तो शासकीय अधिकाऱ्याकडे. या सोळा वर्षांत लोकांनी आपल्या गरजा आपणच भागविल्या. बराकीपुढे ओटा आला, ओट्यावर छप्पर आले, छपराखाली दुकान आले. परवानगी हा या प्रक्रियेतील टप्पाच नव्हता. पुढे ज्यास ‘अनधिकृत बांधकाम’ म्हटले गेले, त्या प्रथेची सुरुवात या प्रशासकीय पोकळीत झाली.

जमिनीचा कागद

विस्थापित व्यक्ती (नुकसानभरपाई व पुनर्वसन) कायदा १९५४ मध्ये झाला. सिंधमध्ये सोडून आलेल्या मालमत्तेचे दावे तपासून भरपाई ठरविण्यात येई आणि शासनाने दिलेल्या घराची किंमत त्या भरपाईतून वळती करता येई. अशा रीतीने बराकीतील खोली निर्वासिताच्या मालकीची होऊ लागली. या व्यवस्थेत एक विसंगती होती. ज्याच्याजवळ सिंधमधील मालमत्तेची कागदपत्रे होती त्याचा दावा बळकट. ज्याचे तेथेही काही नव्हते, किंवा घाईत कागद मागे राहिले, त्याच्याजवळ वळते करण्यासारखे काहीच नव्हते. शिवाय बराकीतील खोली मिळाली, तरी पुढील अंगण, मधली गल्ली आणि मागील मोकळी जागा यांचा हक्क स्पष्ट झाला नाही. लोकसंख्या वाढत गेली तशी नेमकी हीच जागा बांधकामाखाली आली.

१९९६ मध्ये महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेनुसार महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या ५ लाखांहून अधिक होती आणि क्षेत्रफळ केवळ सुमारे १३ चौरस किलोमीटर. अनधिकृत इमारतींचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेल्यानंतर राज्य शासनाला २००६ मध्ये केवळ उल्हासनगरपुरती नियमितीकरणाची विशेष तरतूद करावी लागली. एका नगरासाठी असा वेगळा विचार करणे भाग पडले, यातच त्याच्या स्थापनेचे वेगळेपण मान्य झाले आहे. हा प्रश्न केवळ नागरिकांच्या बेशिस्तीचा नाही. ज्या नगराला घर आधी, नाव नंतर, कारभार त्यानंतर आणि हक्क सर्वांत शेवटी मिळाला, त्या नगरात नियम व वास्तव यांत अंतर पडणे अटळ होते.

जमिनीच्या या कथेला आणखी एक बाजू आहे आणि तिचा उल्लेख क्वचितच होतो. छावण्या, धावपट्ट्या यांसाठी युद्धकाळात ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या वंशजांची स्मृती पुसलेली नाही. उल्हासनगरपासून जवळच असलेल्या नेवाळी येथे युद्धकालीन धावपट्टीसाठी घेतलेल्या आणि पुढे नौदलाच्या ताब्यात असलेल्या जमिनीवरून जून २०१७ मध्ये शेतकऱ्यांचे तीव्र आंदोलन झाले व त्यास हिंसक वळण लागले. नेवाळी आणि उल्हासनगर यांच्या जमिनींचा पुढील इतिहास भिन्न आहे. एका ठिकाणी जमीन संरक्षण खात्याकडे राहिली, दुसऱ्या ठिकाणी ती निर्वासितांना मिळाली. तथापि दोहोंचे मूळ एकाच युद्धकालीन व्यवहारात आहे. एका विस्थापित समाजाला आसरा देणारी भूमी दुसऱ्या, बहुतांशी मूक राहिलेल्या समाजाच्या हातून आधीच सुटलेली होती. यात निर्वासितांचा दोष नाही. परंतु नगराच्या इतिहासात या गावांना स्थान न देणे हे इतिहासलेखनाचे न्यून ठरेल.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. उल्हासनगरचे स्थान रेल्वेने ठरविले, आराखडा लष्कराने ठरविला, नाव व कायमत्व शासनाने दिले आणि नगरपण रहिवाशांनी घडविले. कोनशिलेचा दिवस यांपैकी केवळ तिसऱ्या टप्प्याची नोंद करतो. अन्य पुनर्वसन नगरांप्रमाणे येथे पूर्वनियोजित कल्पना नव्हती. म्हणून तात्पुरती रचनाच कायम झाली आणि कॅम्पचा क्रमांक हाच पत्ता राहिला. जमिनीच्या हक्काचा निर्णय प्रत्येक टप्प्यावर लांबणीवर पडला. त्याची किंमत पुढील पिढ्यांतील नगरवासीयांनी आणि भोवतालच्या गावांतील शेतकऱ्यांनीही मोजली.

या विषयाचा पुढील अभ्यास केवळ शासकीय दप्तरांवर अवलंबून राहता कामा नये. बराकीत प्रथम राहावयास आलेल्या पिढीतील फार थोड्या व्यक्ती आता हयात आहेत. युद्धापूर्वीची शेते पाहिलेली गावकऱ्यांची पिढी तर जवळजवळ संपली आहे. परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी सिंधी व मराठी या दोन्ही भाषांतील मौखिक साक्षी, सनदा, वाटपपत्रे आणि गावांचे जुने सात-बारा उतारे एकत्र ठेवून अभ्यासले, तर या नगराच्या स्थापनेचे अधिक न्याय्य चित्र उभे राहू शकेल. ते काम याच परिसरातील अध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी हाती घेणे सर्वांत सोयीचे आणि तितकेच निकडीचे आहे.